शिबिर डिसेंबरात, ओढा ऑक्टोबरात : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

महाविद्यालयं आणि विद्यापीठं आपल्या आवारातल्या पर्यावरणासाठी आणि आसपासच्या गावांसाठी प्रत्यक्षात काय करू शकतात, यावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. निम्म्याहून जास्त पत्रं पाण्याबद्दल आली, म्हणून उत्तरांतही पाण्याला जास्त जागा दिली आहे. पत्रं संक्षिप्त केली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) तुकडीनं दत्तक गावात सलग तीन वर्षं वनराई बंधारे बांधले. मुलं मनापासून राबतात, पण जानेवारी संपायच्या आत बंधारे कोरडे पडतात. गावकरी आता हसायला लागलेत. आमचं चुकतंय कुठे?
— कार्यक्रम अधिकारी, बीड जिल्हा

बांधणीत काही चुकत असेलही, पण आधी तारीख बघा. सात दिवसांचं विशेष शिबिर बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत होतं, कारण तेव्हा परीक्षा संपलेल्या असतात. मराठवाड्यातला लहान ओढा मात्र ऑक्टोबरात वाहतो आणि नोव्हेंबरात आटायला लागतो. वनराई बंधारा वाहतं पाणी अडवतो. पाणी वाहायचं थांबल्यावर घातलेला बंधारा म्हणजे ओढ्यात रचून ठेवलेली पोती, एवढंच.

रासेयोत वर्षाला १२० तास नियमित कामाचे असतात आणि शिबिर त्याव्यतिरिक्त असतं. बंधारा या १२० तासांत बसवा. परतीचा पाऊस थांबल्याची खात्री झाली की लागोपाठ दोन रविवार पुरतात. परीक्षा आड येत असतील तर ज्या वर्गाचे पेपर उशिरा आहेत तो वर्ग घ्या. घाईसुद्धा नको. सप्टेंबरअखेर घातलेला बंधारा परतीच्या एका जोरदार पावसात वाहून जातो.

आता बांधणी. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती वाळू-मातीनं दोन तृतीयांश भरा. गच्च भरलेलं पोतं गोल राहतं, दुसऱ्या पोत्याला चिकटून बसत नाही, आणि त्या फटींतून पाणी निघून जातं. तोंड सुतळीनं शिवा, नुसती गाठ मारू नका. ओढ्याच्या तळातली वाळू-गाळ काढून कडक थर लागेपर्यंत आडवा चर खणा आणि पहिला थर त्यात बसवा. हा चर न खणल्यानं जेवढे बंधारे रिकामे होतात, तेवढे दुसऱ्या कुठल्याही चुकीनं होत नाहीत, कारण पाणी पोत्यांच्या खालून वाळूतून निसटतं आणि वरून काहीच दिसत नाही. दोन्ही काठांतही पोती हात-दोन हात आत घुसवा. थर विटांसारखे सांधे मोडून रचा आणि प्रत्येक थरावर चिकण माती पसरून तुडवा.

अंदाजासाठी हिशोब असा. ओढा ८ मीटर रुंद, बंधारा १ मीटर उंच, पाया १.८ मीटर आणि माथा ०.६ मीटर. सरासरी जाडी १.२ मीटर, म्हणजे साडेनऊ घनमीटर काम. एका घनमीटरला ३० ते ३५ पोती धरली तर सुमारे ३०० पोती लागतात. एकेक पोतं चाळीस-पंचेचाळीस किलोचं होतं, तेव्हा दोघांनी उचलायचा नियम करा. एक मीटरहून उंच जाऊ नका आणि मे महिन्यात पोती काढून घ्या, नाहीतर पहिल्या पुरात ओढा काठ फोडून शेतात शिरतो. पोती काढायला कुणी येत नाही आणि मग गावकऱ्यांचं हसू रागात बदलतं.

कोकणातल्या वाचकांसाठी एक भर : दगड मुबलक आहेत तिथे पोती वाहायची गरज नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण विजय बंधारा’ जागेवरचे दगड आणि प्लास्टिकचा कागद वापरून होतो.

मग डिसेंबरच्या शिबिरात काय करायचं? डोंगरउतारावर समतल चर, म्हणजे एकाच पातळीच्या रेषेवर खणलेले आडवे चर. ते कोरड्या दिवसांतच खणायचे असतात. ०.६ मीटर रुंद आणि ०.३ मीटर खोल चर धरला तर मीटरला ०.१८ घनमीटर माती निघते. नवखा विद्यार्थी दिवसाला अर्धा घनमीटर खणतो असं धरा. ५० मुलं, प्रत्यक्ष कामाचे ५ दिवस, म्हणजे १२५ घनमीटर, म्हणजे जेमतेम ७०० मीटर चर. शिबिराच्या अहवालात कुणी पाच किलोमीटर लिहिलं असेल तर हा गुणाकार त्यांच्यापुढे ठेवा. पातळी घ्यायला तीन काठ्यांची ए-फ्रेम पुरते, मात्र ती रोज सकाळी तपासा. पातळी चुकलेला चर पाणी अडवत नाही, एका टोकाला नेऊन ओततो आणि तिथे घळ पाडतो.

प्रश्न : उन्नत भारत अभियानाखाली आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे पाच दत्तक गावं आहेत. एका गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा ठरलंय. गेल्या वर्षी एका वर्गानं तो केला होता, पण ग्रामसभेत कुणी ऐकूनही घेतला नाही. लोक ऐकतील असा ताळेबंद कसा करावा?
— सहायक प्राध्यापिका, अहिल्यानगर जिल्हा

गेल्या वर्षीचा तक्ता टीसीएममध्ये होता का? असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. पण शेतकरी या मापात विचार करत नाही. तो विचार करतो ‘कांदा किती लावू’ असा. ताळेबंदाची शेवटची ओळ हेक्टरात किंवा एकरात असली पाहिजे.

एक नमुना मांडून बघू. गावाचं क्षेत्र १००० हेक्टर, पाऊस ६०० मिलिमीटर. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. तेव्हा शिवारात पडलं ६०० कोटी लिटर. हा आकडा मोठा दिसतो आणि बरेच ताळेबंद इथेच फसतात, कारण यातलं बहुतेक पाणी उडून जातं, पिकं आणि गवत पितात, मातीत ओल म्हणून राहतं किंवा ओढ्यानं बाहेर जातं. रब्बीत उपसायला मिळतं ते विहिरींमध्ये दिसतं तेवढंच.

ते मोजायला दुर्बीण लागत नाही. गावातल्या १५ ते २० विहिरी निवडा, काही पाणलोटाच्या माथ्याला, काही मध्ये, काही पायथ्याला. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजा. सकाळी पंप सुरू व्हायच्या आत मोजा. दुपारी मोजली तर उपशानं खाली गेलेली पातळी मिळते आणि दोन महिन्यांची तुलनाच होत नाही. मेअखेर आणि ऑक्टोबर अशा दोन नोंदी अत्यावश्यक, दर पंधरवड्याला घेता आल्या तर उत्तम. समजा पातळी सरासरी ४ मीटरनं वर आली. आपल्या काळ्या पाषाणात पाणी धरायची जागा फार कमी असते, साधारण १ ते ३ टक्के. २ टक्के धरले तर १००० हेक्टरखाली वाढलेलं भूजल झालं ८ लाख घनमीटर, म्हणजे ८० कोटी लिटर. सहाशे पडले, ऐंशी हाती दिसले.

आता खर्च. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या मापानं २००० लोकांना वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर लागतात. जनावरांचं वेगळं धरा. कांद्याला ५०० मिलिमीटर पाणी धरलं तर हेक्टरी ५० लाख लिटर. उसाला एकूण दोन हजार मिलिमीटरच्या आसपास लागतं. पावसाचा वाटा वजा करून दीड हजार धरलं तरी हेक्टरी दीड कोटी. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी सुमारे साडेसहा एकर ऊस पितो. हे वाक्य ग्रामसभेत सांगा, तक्ता नंतर दाखवा. उसाविरुद्ध बोललं जातंय असं वाटून कुणी चिडेल. चिडू द्या. निदान ऐकलं तरी.

वाद खरा होतो तो दोन आकड्यांवर. पहिला पावसाचा. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचा आकडा तयार मिळतो, पण मंडळात अनेक गावं असतात आणि एका शिवारात बरसतं तेव्हा शेजारचं कोरडं असतं. गावात स्वतःचा पर्जन्यमापक बसवा, झाडं आणि भिंतींपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला मोजा. शाळेच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला खेटून बसवलेले मापक आपल्याकडे डझनांनी सापडतील. ते टाकीच्या आडोशाचा पाऊस मोजतात. दुसरा आकडा पीकक्षेत्राचा. कागदावरची पीकपाहणी आणि शिवार यांत फरक असतो, बोअरची संख्या तर कुणीच खरी सांगत नाही. त्यासाठी मुलांना नकाशा देऊन गटवार शिवार पायी फिरवा. तीन दिवसांचं काम आहे.

ताळेबंद मांडायची वेळ कोजागिरीच्या सुमाराची. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कच्चा आकडा ठेवा आणि पाऊस पूर्ण थांबल्यावर विशेष ग्रामसभेत पक्का. कांद्याची रोपं टाकून झाल्यावर, डिसेंबरात, सत्र परीक्षेनंतर मांडलेला ताळेबंद शेतकऱ्याच्या काही कामाचा नसतो. हिवरे बाजारनं हे वर्षानुवर्षं रब्बीच्या तोंडावर केलं म्हणून तिथे त्याला वजन आलं. आणखी एक गोष्ट : सलग तीन वर्षं त्याच विहिरी, त्याच खुणा. दर वर्षी नवा वर्ग नव्या विहिरी मोजणार असेल तर तिन्ही वर्षांचे आकडे वाया गेले समजा. नोंदवही महाविद्यालयात नको, ग्रामपंचायतीत ठेवा आणि मुलं नसतील त्या महिन्यांत मोजायला गावच्या जलसुरक्षकाला तयार करा.

ग्रामीण तंत्रज्ञानासाठी १९८५पासून काम करणारं मुंबई आयआयटीचं सितारा केंद्र राज्याच्या प्रकल्पांसाठी पाण्याच्या हिशोबाच्या पद्धती तयार करतं. त्या वाचून घ्या. रोजच्या पावसावरून केलेला हिशोब वर्षाच्या बेरजेवरून केलेल्या हिशोबापेक्षा का वेगळा येतो, ते त्यातून विद्यार्थ्यांना कळेल.

प्रश्न : कॉलेजच्या इमारतीभोवती दोन शोषखड्डे आहेत. जोराचा पाऊस आला की दहा-पंधरा मिनिटांत तुडुंब भरून पाणी पार्किंगमध्ये येतं. ठेकेदार म्हणतो वाळू बदला. बदलली, फरक नाही.
— प्राचार्य, पुणे जिल्हा

वाळूचा दोष कमी, खड्ड्याच्या मापाचा जास्त. एकेका खड्ड्याकडे १००० चौरस मीटर छताचं पाणी येतं असं धरू. तासाला ३० मिलिमीटरचा पाऊस पुण्यात दुर्मीळ नाही. वाया जाणारं वजा करून छतावरून तासाला २४,००० लिटर, म्हणजे मिनिटाला ४०० लिटर खाली येतात. २ बाय २ बाय ३ मीटरचा खड्डा १२ घनमीटरचा दिसतो, पण दगड-खडी-वाळू भरल्यावर पाण्याला जागा उरते ४० टक्के, म्हणजे ४,८०० लिटर. बारा मिनिटांत तो भरणारच. त्यानंतर पाणी जमीन शोषेल त्याच वेगानं खाली जातं, आणि खाली कातळ असेल तर तो वेग जवळपास शून्य.

म्हणून पुढचा रुपया खर्च करण्याआधी शोषण मोजा. खड्डा टँकरनं भरा आणि तासात पातळी किती उतरली ते बघा. बोटभर उतरली तर तिसरा खड्डा खणून उपयोग नाही. त्यापेक्षा छताचं पाणी आधी टाकीत घ्या आणि टाकीतून हळूहळू सोडा, किंवा आवारात जुनी विहीर असेल तर गाळून तिच्यात न्या. आड-विहीर बुजवून वर दुचाकींचं शेड बांधण्याची आपल्याकडे हौस आहे. ती विहीर कुठे होती ते जुन्या शिपायांना विचारा.

थर तळाला मोठे दगड, मध्ये खडी आणि वर जाडी वाळू असेच हवेत, म्हणजे गाळ वरच्या वाळूत अडकतो आणि दर मेमध्ये वरची चार बोटं खरवडून बदलता येतात. उलटे भरले असतील तर गाळ तळाला जाऊन बसतो आणि पूर्ण खड्डा उपसावा लागतो. पहिल्या पावसाचं पाणी (छताच्या १०० चौरस मीटरला २०० लिटर पुरे) वेगळं काढून द्या, त्यात कबुतरांची विष्ठा असते. आणि बोअरमध्ये छताचा पाइप थेट सोडू नका. पार्किंगचं पाणी तर मुळीच नको. भूजलात एकदा गेलेलं तेल परत काढता येत नाही.

प्रश्न : वसतिगृहाच्या मेसमधल्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारा बायोगॅस संयंत्र बसवला. दोन महिने छान चालला. आता आंबट वास येतो, शेगडी पेटत नाही. पुन्हा गॅस सिलिंडर सुरू केले. विकून टाकावा का?
— वसतिगृह अधीक्षक, सोलापूर

विकू नका, त्याचं पोट बिघडलंय. अन्नाचं आधी आम्ल होतं आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या आम्लाचा मिथेन करतात. पहिले झपाट्यानं वाढतात, दुसरे हळू. एकदम जास्त अन्न टाकलं की आम्ल साचतं, सामू (पीएच) ६.५च्या खाली जातो आणि मिथेन करणारे बंद पडतात. गॅस होतो, पण त्यात बहुतेक कर्बवायू असल्यानं तो जळत नाही.

आठ-दहा दिवस अन्न टाकणं पूर्ण थांबवा. रोज दोन-तीन बादल्या ताज्या शेणाचा, समान पाणी घातलेला काला टाका. सामू फारच खाली असेल तर चुन्याची निवळी थोडी थोडी, रोज मोजत. सामू मोजायची पट्टी (पीएच पेपर) रसायनशास्त्र विभागात आहेच. सामू ६.८च्या वर स्थिरावला की नेहमीच्या दहाव्या हिश्शानं सुरुवात करून पाच-सहा आठवड्यांत पूर्ण मात्रेवर या. नवा संयंत्र सुरू करतानाही हाच क्रम, आधी तीन-चार आठवडे फक्त शेण.

लिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, हाडं, अंड्याची कवचं, तळणीचं तेल बाहेर ठेवा. उरलेलं बारीक करून टाका, भाताची ढेकळं तशीच गेली तर वर साय धरते. पाइपला सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी आहे ना, बघा. नसेल तर गॅस भरपूर असूनही ज्योत फडफडते आणि दोष उगाच संयंत्राला लागतो.

गॅस किती अपेक्षित धरावा? रोजच्या ५० किलो अन्नापासून साधारण ४ ते ५ घनमीटर, म्हणजे सुमारे २ किलो सिलिंडर-गॅसइतका. १९ किलोचा एक सिलिंडर नऊ-दहा दिवसांत वाचला म्हणजे काम चोख चाललंय. विक्रेत्यानं याच्या दुप्पट सांगितलं असेल तर त्यानं नुसतं स्वप्न विकलं.

दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची सोय आजच करा. महिनाभर उपाशी राहिलेल्या संयंत्रावर जूनच्या पहिल्या दिवशी पूर्ण मेसचं अन्न ओतलं की हीच तक्रार परत येते. सुट्टीत आठवड्याला दोनदा शेण टाकायला जवळचा गोठेवाला गाठा आणि बदल्यात त्याला बाहेर येणारी मळी द्या. खत म्हणून ती त्याला हवीच असते. आणि हो, पंधरा दिवस उष्टं वजन करून फळ्यावर लिहा. वजन लिहायला लागल्यावर ताटातलं टाकणं आपोआप घटतं, आणि ते घटलं तर संयंत्र लहान पडला म्हणून कुणी रडणार नाही.

प्रश्न : छतावर सौर पॅनेल आहेत. तरी वादळात वीज गेली तेव्हा भर दुपारी कॉलेज अंधारात होतं. असं कसं?
— विद्यार्थी प्रतिनिधी, रत्नागिरी

असंच असतं. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतः बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या महावितरणच्या माणसाला तुमच्या छतावरून शॉक बसू नये, म्हणून ती व्यवस्था असते. दोष नाही, पण बसवताना कुणी सांगत नाही. नेट मीटरिंगनं (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करणं) बिल वाचतं, संकटात उजेड मिळत नाही.

सगळं कॉलेज बॅटरीवर घेणं परवडणारं नाही, आवश्यकही नाही. दोन खोल्यांचे दिवे, मोबाइल चार्जिंगचे दहा सॉकेट, आरओचा पंप आणि एक छोटा पाण्याचा पंप एवढ्यांचं वेगळं सर्किट काढा आणि त्याला २ किलोवॅटचे पॅनेल, ५ युनिटची बॅटरी व बाहेरची वीज गेल्यावरही बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर द्या. पंप सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट ओढतो, तेव्हा इन्व्हर्टर निवडताना पंपाची क्षमता सांगायला विसरू नका. इन्व्हर्टर-बॅटरी पहिल्या मजल्यावर. कोकणात तळमजल्यावर ठेवलेली बॅटरी म्हणजे पुराला दिलेली भेट. पॅनेल बोअरच्या जड पाण्यानं धुत असाल तर पांढरे डाग पडतात आणि उत्पादन घटतं. साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, सकाळी लवकर, काच तापायच्या आत.

प्रश्न : विद्यापीठाच्या माळावर विद्यार्थ्यांकडून पाच हजार झाडं लावायची आहेत. कोणती जात निवडावी?
— उद्यान समितीचे सदस्य, सोलापूर जिल्हा

जात नंतर. आधी तो खरंच पडीक आहे की गवताळ माळ आहे, ते बघा. पावसानंतर पवन्या, कुसळीसारखं गवत कमरेपर्यंत येत असेल, चंडोल आणि धाविक दिसत असतील, तर ती चांगली जिवंत परिसंस्था आहे आणि तिथे झाडं लावणं म्हणजे ती मोडणं. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य तुमच्याच जिल्ह्यात आहे. माळाला झाडं कमी असणंच हवं असतं. तिथे वणवा आणि बेसुमार चराई रोखा, एवढंच पुरे.

झाडं इमारतींभोवती, रस्त्याकडेला आणि नाल्याच्या काठानं लावा. कडुनिंब, करंज, आपटा, पळस, बोर, हिवर. नाल्याकाठी अर्जुन, जांभूळ, उंबर. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लवकर हिरवं दाखवतात म्हणून समित्यांना आवडतात. मग तेच उरतात. संख्या पाण्यावरून ठरवा. मुरमाड जमिनीत रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्याला १५ ते २० लिटर लागतात. पाच हजार रोपांना वीस लिटरनं आठवड्याला एक लाख लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे दहा टँकर, आणि तेही मार्च ते जून, जेव्हा मुलं आधी परीक्षेला आणि मग घरी असतात. पाणी पाचशे रोपांचं असेल तर पाचशेच लावा.

प्रश्न : आमचं महाविद्यालय उंचावर असल्यानं पुरात तालुक्याचं निवारा केंद्र होतं. प्रशासनाचा फोन येतो तेव्हाच धावपळ सुरू होते. आधी काय करून ठेवावं? आणि पूर ओसरल्यावर मुलांना कोणतं काम द्यावं?
— उपप्राचार्य, सांगली जिल्हा

२०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत तुमच्या भागातल्या महाविद्यालयांनी हे ओझं उचललं आहे, तेव्हा हे कागदावर आणायला हवंच. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरा. ९ बाय ७ मीटरच्या वर्गात १८ माणसं, म्हणजे २०० जणांना ११-१२ वर्ग. पाणी माणशी किमान १५ लिटर, रोज ३,००० लिटर. शौचालय २० माणसांमागे एक, म्हणजे दहा. आणि बायकांची वेगळी, उजेड असलेली. किती वर्ग आणि कोणते, हे मेमध्येच ठरवून दारावर क्रमांक टाका. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा त्या यादीत नको. तिच्या किल्ल्या दोघांकडेच ठेवा.

सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट जनावरं. कृष्णा-वारणाकाठचा शेतकरी म्हशी सोडून येत नाही, आणि म्हशींची सोय नाही म्हणून तो शेवटच्या होडीपर्यंत घरात थांबतो. क्रीडांगणाची एक बाजू, दावण बांधायला खुंट्या, वैरणीसाठी कोरडी शेड आणि पशुवैद्यकाचा फोन एवढं जाहीर केलं तरी माणसं एक दिवस आधी हलतात.

पाण्याची स्वतःची व्यवस्था असलेलं आवार अशा वेळी शहराच्याही उपयोगी पडतं. २०१९च्या महापुरात कोल्हापूरची पाणीउपसा केंद्रं पाण्याखाली गेली तेव्हा सागरमाळावरच्या शिवाजी विद्यापीठाच्या पाण्यानं शहराला हात दिला. ते पाणी त्या आठवड्यात आलेलं नव्हतं. आवारातली तळी आणि विहिरी त्याआधी कित्येक वर्षं राखलेल्या होत्या.

पूर ओसरल्यावरचं पहिलं काम विहिरींचं. आधी गाळ आणि पाणी उपसा. विहीर कच्च्या बांधणीची असेल तर एका दमात उपसू नका, बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबानं कडा ढासळते. पुन्हा पाणी भरलं की टीसीएल (ब्लीचिंग पावडर). मात्रा काढायला व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरात, म्हणजे घनमीटर मिळतात. ५ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर ७८.५ घनमीटर, अर्थात ७८,५०० लिटर. नेहमीची मात्रा १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅम. पुरानंतर दुप्पट, ४०० ग्रॅमपासून सुरू करा.

पावडर थेट विहिरीत टाकू नये. बादलीत आधी थोड्या पाण्यात लापशी करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं विहिरीत सोडून वर-खाली हलवा. तळाचा चुना बाहेर टाका. तासाभरानं ऑर्थोटोलिडिननं (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारं द्रावण) तपासा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसलं पाहिजे. पिवळा रंग आलाच नाही तर मात्रा वाढवा, किंवा आधी पावडरीची पिशवी बघा. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्के क्लोरीन असतं, पण उघड्या पिशवीत दमट हवेत ते उडून जातं आणि पांढरी पूड तशीच दिसत राहते. मुलांना हातमोजे, मास्क द्या आणि हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाबरोबरच करू द्या. एकाच विहिरीत दोघांनी दोनदा टाकलं असंही होतं.

प्रश्न : नॅकच्या मूल्यांकनासाठी ग्रीन ऑडिट (आवाराची पर्यावरण तपासणी) करून देणाऱ्या संस्था एका दिवसात प्रमाणपत्र देतात. ते ग्राह्य धरावं का?
— प्राध्यापक, जळगाव

फाइलला चालेल. आवाराला काही कळायचं असेल तर भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला बारा महिन्यांची वीजबिलं, एक क्लॅम्प मीटर (तारेतला वीजप्रवाह मोजणारा) आणि पाण्याच्या मुख्य नळाला लावलेला मीटर द्या. रात्री दहा ते पहाटे पाच, कुणी नसताना, पाण्याचा मीटर फिरतोय का एवढं बघितलं तरी बहुतेक आवारांत गळती सापडते. असं ऑडिट पैसे मागत नाही, वेळ मागतं.

प्रश्न : आम्ही काही माजी विद्यार्थी अमेरिकेत आहोत. आमच्या ग्रामीण महाविद्यालयाला पर्यावरणाच्या कामासाठी देणगी द्यायची आहे. सौर पॅनेल द्यावेत असं वाटतं.
— न्यू जर्सी

पॅनेलला देणगीदार मिळतात, कारण त्यावर नाव लावता येतं. दुरुस्तीला मिळत नाहीत. पाच वर्षांचा दुरुस्ती निधी द्या, किंवा एका माणसाचा पगार द्या, जो सुट्टीतही विहिरी मोजेल, रोपांना पाणी घालेल आणि बायोगॅसला शेण टाकेल. या अंकातल्या निम्म्या तक्रारी तेवढ्यानं मिटतील. वस्तूच द्यायची असेल तर पर्जन्यमापक आणि पाणी तपासणीचा संच द्या, आणि संचातली रसायनं दर वर्षी नवी पाठवायची तयारी ठेवा.

पैसे पाठवण्याआधी एक बघा. तुमच्यापैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी अंशदान धरली जात नाही. ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं आहे त्यांची धरली जाते आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए (परदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी लागते. सगळ्यांचे पैसे एकत्र करून एकाच्या खात्यातून पाठवू नका. संस्थेच्या लेखापालाशी आधी बोला आणि दोन याद्या वेगळ्या करा.